दोन बोटं मोकळी जागा

दुकानातून लोणच्याची बाटली आणली की मी ती आधी वर्तमानपत्रावर उपडी ठेवते. तिच्यावर कितीही चकचकीत सील असो, रात्रभर ती तशीच राहते आणि सकाळी कागदावर तेलाचा ठिपका नसेल तरच कपाटात जाते. सून हसते. हसू दे. तिचा नवरा रोज दिवेलागणीला घरी येतो, तिला झाकणाची किंमत काय कळणार!

आमचे हे लग्नानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत मस्कतला गेले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत हे कंत्राटावर फिटर होते आणि आम्ही वरसे गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. कंपनीचा एक प्लांट बंद पडला, शिफ्ट कमी झाल्या आणि सगळ्यात आधी कंत्राटवाले घरी बसले. शेजारच्या भाभींचे मिस्टर मस्कतला होते, दीरही तिथेच. त्यांच्या ओळखीनं यांचं जमलं. करार दोन वर्षांचा. "दोन वर्षं म्हणजे काय गो, बघता बघता जातील," भाभी म्हणाल्या. त्या लग्न झाल्यापासून नवऱ्याला वर्षातून महिनाभर बघत होत्या. त्यांच्या हिशेबानं दोन वर्षं म्हणजे काहीच नव्हतं. मला पहिला रविवारच जाता जाईना.

पत्र लिहायचा मला कंटाळा आणि वाचायचा यांना. यांच्यापर्यंत माझं म्हणून काही पोचवायचं तर एकच गोष्ट होती, लोणचं. पानात डाव्या बाजूला लोणचं नसेल तर हे जेवण संपलं तरी पाटावरून उठायचे नाहीत, नुसते बसून राहायचे. भाभींच्या आळीतलं कोणी ना कोणी मस्कतला जात-येत असायचं, त्यामुळे न्यायला माणूस होता. तेव्हा मला एवढंच हवं होतं की माझ्या हातचं लोणचं यांच्या पानात न सांडता, न नासता पडावं.

लोणचं मी आईकडून शिकले. माहेर पेणजवळ, खाडीकाठी. वडील मिठागरात कामाला. त्यामुळे मीठ विकत घ्यायचं ही कल्पनाच आमच्या घरात नव्हती. लग्नानंतरही मी एसटीनं पेणला जायची आणि पिशवीभर खडेमीठ घेऊन यायची. रामवाडीच्या स्टॉपवर कंडक्टर पिशवी उचलून म्हणायचा, "वहिनी, यात दगड भरलेत काय?"

आईचं लोणचं घालणं म्हणजे देवाचं काम. हात कोरडे, फडकं कोरडं, बरणी उन्हात तापलेली. आणि पदर तोंडावरून घेऊन मागे बांधायचा. बरणीवर वाकून बोलायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. "बरणीच्या तोंडाशी आपलं तोंड न्यायचं नाय," ती म्हणायची. "माणसाच्या वाफेनं लोणचं नासतंय." आम्ही बहिणी तोंड बांधून डोळ्यांनीच एकमेकींना चिडवायचो आणि आईच्या हातचा रट्टा खायचो. सगळं भरून झालं की वर मिठाचा थर, त्यावर बोटभर तेल, आणि शेवटी जुन्या लुगड्याच्या कापडाचा दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला सुतळीनं करकचून बांधलेलं फडकं. झालं आईचं सील. पण आईची बरणी वर्षभर फळीवरून हलायची नाही, म्हणून तिला दादरा पुरत होता. माझ्या लोणच्याला विमानात बसायचं होतं.

पहिली बाटली जॅमची होती, काचेची, पत्र्याच्या झाकणाची. झाकण मी दात-ओठ खाऊन पिळलं, वर प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड, आणि भाभींच्या दिराच्या हातात दिली. ती त्यांच्या बॅगेत सांडली. ईदसाठी शिवलेल्या पांढऱ्या झब्ब्यावर हळद आणि तेल. भाभींनी मला बोलावून हे सांगितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र पोट धरून हसत होत्या. "दीर माझा मस्कतात उतरला तो हिंगाचा वास मारीत गो! कस्टमच्या साहेबानं बॅग उघडली नाय, तशीच जाऊ दिली." नवा झब्बा शिवून द्यायची भाषा मी केली तर त्या रागावल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या दिराला "हिंगवाला" म्हणत होत्या.

भाभींकडे फोन होता. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे यांचा फोन शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे यायचा. फोन ओटीवरच्या खोलीत, टेबलावर, जाळीच्या रुमालाखाली. भोवती भाभी, त्यांच्या सासूबाई, तीन मुलं, कधी आलेली पाहुणी. सगळ्यांना आमच्या संसाराची काळजी, त्यामुळे कोणी उठून जायचं नाही. सासूबाई तर रिसीव्हरकडे कान करून बसायच्या. आता अशा दरबारात नवऱ्याशी काय बोलणार? "जेवलात का" आणि "तब्येत कशी" झालं की मी गप्प, तिकडे हे गप्प, आणि मधल्या तारेत नुसती खरखर.

बाटली सांडली आणि आम्हाला बोलायला विषय मिळाला.

"झाकण सरळ बसलं नव्हतं," हे म्हणाले. फिटर माणूस. गळती म्हटली की यांचा आवाजच बदलायचा. "आरसा हाय ना भिंतीवरचा? तो खाली आडवा ठेव. बाटली त्याच्यावर उपडी ठेवून बोटानं दाब. डुगडुगली तर कडा वाकडी. ती बाटली घ्यायची नाय."

मी घरी येऊन आरसा उतरवला आणि घरातल्या सगळ्या बाटल्या त्याच्यावर उपड्या केल्या. निम्म्या डुगडुगल्या. लग्नात मिळालेला तो आरसा, त्यात आम्ही दोघांनी एकदाच नीट बघितलं होतं, आणि आता मी त्याच्यावर जॅमच्या बाटल्या नाचवत होते. हसूही आलं आणि रडूही.

पुढच्या शुक्रवारी हे म्हणाले, "आता पॅकिंग. पत्रा नि काच कधी एकमेकांना धरत नायत. मधे मऊ काहीतरी पायजे." मग मी कोलाडला हायवेच्या नाक्यावर एका पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या ट्यूबचा तुकडा आणला, बाटलीच्या तोंडाच्या मापाची चकती कापली, मधून वर्तुळ काढलं आणि झाकणात बसवली. उपडी ठेवली, एक थेंब नाही. मी खूश. बाटली गेली, पोचली, झब्बे वाचले.

"कसं लागलं?" मी फोनवर विचारलं.

मग हे म्हणाले, "टायर खाल्ल्यासारखं लागतंय. पण तुझ्या हातचं हाय, खातोय."

मी रिसीव्हर भाभींच्या हातात देऊन सरळ घरी निघून आले. राग यांचा नव्हता. एवढ्या लांबून एकच घास पाठवायचा आणि त्यालाही रबराचा वास यावा, याचा राग होता. त्या दिवशी मी जेवले नाही. बाई लोणच्यावरून उपाशी राहिली असं कोणाला सांगायची सोय नव्हती.

तोडगा भाभींनी काढला. त्यांच्या धाकट्याच्या वेळी आणलेली लाल रबरी शीट, बाळाच्या दुपट्याखाली घालतात ती, कपाटात पडून होती. तिला वास असा नव्हताच. "घे गो, कोपरा नवा हाय, बाळानं भिजवलेला नाय," त्या म्हणाल्या आणि स्वतःच कात्री घेऊन बसल्या. मी ती चकती उकळून, पुसून, उन्हात वाळवून घेतली. फोनवर यांनी विचारलं, "आता कसलं रबर लावलंस?" सगळा दरबार माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "भाभींच्या बाळाचं." तिकडून हसण्याचा आवाज आला. यांचं हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. पुढे जे काही बोलणं झालं ते मला आठवत नाही, हसणं आठवतं.

तरी यांचं समाधान होईना. "आत हवा राहते," हे म्हणायचे. "हवा राहिली की लोणचं खराब होणार. गळ्यापर्यंत भर नि गरम असताना झाकण लाव. थंड झालं की झाकण आत ओढलं जातं. मग कोणाच्या बापाला सुटायचं नाय." हे मी पेणला आईला सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. "गरम भरायचं? आत घाम धरंल की! फोडणी पार निवल्याशिवाय लोणच्यावर घालायची नाय, हे तुला किती वेळा सांगितलंय? तुझा नवरा पाईप जोडतो, लोणचं घालत नाय."

दोघंही खरं बोलत होते आणि मी मधे. हे मस्कतहून ओरडतात गरम, आई पेणहून ओरडते गार. वैतागून मी एक दिवस भरलेली बाटली आणि झाकण अंगणात वेगवेगळं उन्हात ठेवलं, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधून. भर दुपारी दोन्ही हाताला चटका बसण्याइतकं तापलं. वाफ नाही, पाणी नाही, नुसतं ऊन. तिथेच उन्हात बसून झाकण लावलं. सूर्य कलला, बाटली निवली आणि झाकणाचं मधलं पोट हळूच आत गेलेलं दिसलं. मी बोटानं दाबून बघितलं. हलत नव्हतं. मी एकटीच अंगणात उभी राहून त्या झाकणावरून कितीतरी वेळ बोट फिरवत होते, आणि मला यांना हे आत्ता, या क्षणी दाखवायचं होतं. आनंद झाला की माणूस जास्त आठवतो, हे मला तेव्हा कळलं.

ती बाटली मस्कतला उघडली तेव्हा टप् असा आवाज झाला. हे मला यांनीच फोनवर सांगितलं, तोंडानं तसा आवाज काढून. "टप्! खोलीतली सगळी पोरं जागी झाली. काल घातल्यासारखं लोणचं, वास पण तसाच." भाभींच्या सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "टप्." त्यांनी मान डोलावली, जसं काही सगळं कळलं.

त्यानंतर माझी एकही बाटली बिघडली नाही. मोठ्या बरणीतून काढायचं, गळ्यापर्यंत भरायचं, हवेला जागा ठेवायची नाही, दुपारचं ऊन. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. ही रीत हे तिकडेही विसरले नव्हते. बाटली परत यायची ती कधी खजूर भरून, कधी पिस्ते, एकदा नुसत्या लिमलेटच्या गोळ्या. झाकण यांनी लावलेलं असायचं, त्यामुळे मला उघडता उघडायचं नाही. भाभींचा थोरला मुलगा उलथन्यानं उचकटून द्यायचा.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वरसेला दिवसदिवस लाइट जायची. फोनवर मी कुरकुरले. हे म्हणाले, "इकडं बाहेर भट्टी हाय, पण खोलीत एसी. पांघरूण घेऊन झोपतो." मी चिडून म्हटलं, "मजा आहे तुमची. आम्हालाही पाठवा थोडं गार." हे म्हणाले, "पाठवतो." मी ते तिथेच विसरले.

पावसाळा सरला, दिवाळी गेली आणि मग ते बोलणं निघालं. करार संपत आला होता. तिकडच्या कंपनीला हे पसंत पडले होते. आणखी दोन वर्षं, पगार वाढवून. हे म्हणाले, "सही करावी असं साहेब म्हणतोय. तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं! मला वाटत होतं की आत्ता विमानात बसा आणि या. तुमची खुंटीवर टांगलेली कंपनीची खाकी शर्ट-पँट मी अजून धुतलेली नाही, तिचा ग्रीसचा वास पण आता गेला. मला वाटत होतं की आणखी दोन वर्षांनी तुम्ही पाहुण्यासारखे याल, महिनाभर राहाल, आणि मला त्याची सवय होईल. तीच सवय मी रोज शेजारी बघत होते. पण भाभी समोर बसल्या होत्या. ज्या बाईनं नवऱ्याशिवाय तीन मुलं वाढवली, जिच्या ओळखीनं ही नोकरी लागली, तिच्यासमोर कुठल्या तोंडानं म्हणू की मला नाही जमत? मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." हे म्हणाले, "बरं."

त्याच आठवड्यात भाभींचे मिस्टर सुट्टीवर आले आणि माझी बाटली घेऊन आले. मी बघितली तर रिकामी. स्वच्छ धुतलेली, झाकण घट्ट लावलेलं, आत काही नाही. खजूर नाही, गोळी नाही, साखरेचा कण नाही.

माझं डोकं फिरलं. रिकामं भांडं परत येणं म्हणजे काय, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. मला वाटलं, संपलं. यांनी सही केली. आता एवढ्या तेवढ्याचीही आठवण राहत नाही. मी उलथनं घेऊन झाकण उचकटलं, टप् असा आवाज झाला, आणि मी ती बाटली मोरीत नेऊन राखेनं घासून काढली.

शुक्रवारी मी कोणाची पर्वा केली नाही. "रिकामी बाटली पाठवलीत?" मी फोनवर ओरडलेच. सासूबाई दचकल्या.

"रिकामी कुठं होती?" हे म्हणाले. "उघडलीस?"

"उघडली आणि घासून ठेवली."

मग हळू आवाजात हे म्हणाले, "गार पाठवा म्हणाली होतीस ना. एसीसमोर धरून भरली होती. माझ्या खाटेवर एसीचं वारं येतं, तिथं. म्हटलं, घरी माझ्या खोलीतलं काहीतरी जाऊ दे."

मी रिसीव्हर ठेवून दिला. घरी येऊन मोरीतली ती बाटली नाकाशी धरली. राखेचा वास येत होता. हा माणूस माझ्यासाठी हवा भरत बसला होता, फिटरच्या हातांनी झाकण पिळून, आणि मी ती मोरीवर सोडून दिली. मी खूप रडले त्या दिवशी. ती हवा मला परत हवी होती. तो माणूस हवा होता.

भाभींचे मिस्टर परत निघाले तेव्हा मी त्याच बाटलीत लोणचं भरलं. थंडीचे दिवस होते, पण दुपारचं ऊन चांगलं होतं. बाटली तापली, झाकण तापलं. या वेळी गळ्यापर्यंत भरलं नाही. वर दोन बोटं जागा सोडली. आणि तोंडावरचा पदर मी खाली ओढला. आई समोर असती तर तिनं हात धरला असता. मी बाटलीच्या तोंडाला तोंड लावलं आणि एक मोठा श्वास आत सोडला. लगेच झाकण फिरवलं. संध्याकाळी झाकणाचं पोट आत गेलेलं होतं. जे मला फोनवर म्हणता येत नव्हतं ते सगळं आता बंद झालं होतं, न गळता जाणार होतं.

मग काही शुक्रवार फोनच आला नाही. लाइन मिळत नसेल, भाभी म्हणाल्या. मी रोज त्यांच्या ओटीवर काहीतरी निमित्त काढून जायचे. सहीचं काय झालं हे भाभींना विचारायची हिंमत होत नव्हती.

शेवटी फोन आला. सगळा दरबार जागेवर होता.

"बुरशी आली गं," हे म्हणाले.

"कशाला?"

"लोणच्याला. वरती पांढरी. असं कधी झालं नव्हतं. झाकण तर नंबर एक होतं, टप् झालं. पण वर दोन बोटं जागा होती." मग म्हणाले, "चुकून सोडलीस?"

"नाही."

"मग?"

सासूबाई रिसीव्हरकडे सरकल्या. भाभी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही पाठवली होती तशीच. फक्त आमच्याकडची."

खरखर.

"वरचं काढलं नि खालचं खाल्लं," हे म्हणाले. आवाज बसलेला होता. "सही नाय केली मी. यंदा कैऱ्या फोडायला मी हाय."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि जाळीचा रुमाल त्याच्यावर नीट पसरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"काय गो, काय म्हणाला?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"लोणचं बिघडलं," मी म्हटलं.

त्यांनी मला जवळ ओढलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असूं दे गो बाय. लोणच्यासाठी काय एवढं रडतात?"